हॉक माउंटन : बंदुकीकडून दुर्बिणीकडे

सप्टेंबर महिना अर्धा उलटला, उत्तरेकडून थंड हवेची पहिली लाट येऊन गेली, आणि वारा वायव्येचा झाला, म्हणजे अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांतल्या एका डोंगरमाथ्यावर माणसांची रीघ लागते. त्या माथ्यावर देऊळ नाहीं, किल्ला नाहीं, पाहुण्यांची बडदास्त ठेवणारें उपाहारगृहही नाहीं. आहेत त्या नुसत्या करड्या रंगाच्या ओबडधोबड शिळा. रानांतील पायवाट चढून लोक तेथें येतात, शिळांवर आपापली जागा धरतात, बरोबर आणलेली शिदोरी शेजारीं ठेवतात, आणि गळ्यांतील दुर्बीण डोळ्यांस लावून ईशान्येकडे पाहत बसतात. त्यांत पांढऱ्या केसांचे वृद्ध असतात, शाळेंतील मुलें असतात, शहरांतून सुटीच्या दिवशीं आलेलीं जोडपीं असतात. मोठ्यानें कोणी बोलत नाहीं.

बराच वेळ कांहींच घडत नाहीं. खालीं दरींत झाडांचीं पानें तांबूस होऊं लागलेलीं असतात. नदी वळणें घेत जात असते. समोर एकामागून एक डोंगरांच्या निळसर रांगा क्षितिजापर्यंत पसरलेल्या असतात. इतक्यांत कोणी तरी बोट वर करतो. दूरच्या एका शिखरावर काळा ठिपका दिसतो. ठिपका वाढतो, त्याला पंख फुटतात, आणि पाहतां पाहतां एक शिकारी पक्षी डोंगराच्या धारेवरून सरळ चालून येतो. पंख ताठ पसरलेले, पण एकदांही फडफडलेले नाहींत. पुष्कळदां तो पाहणाऱ्यांच्या पायांखालून जातो, आणि आकाशांतील पक्ष्याची पाठ वरून पाहण्याचा दुर्लभ योग जमिनीवरच्या माणसास लाभतो. पक्षी नैऋत्येकडे निघून जातो. शिळेवर बसलेला एक निरीक्षक वहींत त्याची जात लिहितो व एक आंकडा वाढवितो. एवढाच काय तो सोहळा!

एवढ्यासाठीं माणसांनीं इतक्या लांब यावें व दिवसभर दगडावर बसावें, हें कोणासही चमत्कारिक वाटेल. पण या डोंगराचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या वहींतील आंकड्याचें मोल कळते. कारण १९३३ पर्यंत याच शिळांवर, याच ऋतूंत, याच दिशेकडे डोळे लावून माणसें बसत असत. फरक एवढाच होता, कीं त्यांच्या हातांत बंदुका असत.

या डोंगराचें नांव हॉक माउंटन. ससाण्यांचा डोंगर, असा त्याचा अर्थ करतां येईल. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेस अ‍ॅपलेशियन नांवाची जी लांब पर्वतराजी आहे, तिची किटाटिनी ही एक धार होय. ही धार ईशान्येकडून नैऋत्येकडे भिंतीसारखी गेली आहे. हॉक माउंटनचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच आहे, म्हणजे सह्याद्रीच्या मानानें तो टेंकडीच ठरेल. परंतु पक्ष्यांच्या दृष्टीनें त्या धारेची दिशा उंचीपेक्षां महत्त्वाची आहे. शरदांत वायव्येचा वारा या भिंतीवर आडवा येऊन आदळतो. पुढें वाट नसल्यानें तो वर चढतो. वर चढणाऱ्या त्या वाऱ्यावर पंख पसरून दिले, कीं पक्षी श्रमावांचून मैलच्या मैल तरंगत जातो. कॅनडांतील व उत्तर अमेरिकेंतील अरण्यांत उन्हाळा काढून दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्याला प्रवासांत अन्न मिळेलच, असा भरंवसा नसतो. म्हणून अंगांतली चरबी जपून वापरणें हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. डोंगराची धार म्हणजे त्याचा फुकटचा राजमार्ग होय.

सर्वांची रीत मात्र एकच नाहीं. ब्रॉड-विंग्ड हॉक म्हणून जो रुंद पंखांचा पक्षी आहे, तो उन्हानें तापून वर जाणाऱ्या हवेच्या स्तंभांचा उपयोग करतो. एका स्तंभांत शेंकडों पक्षी घिरट्या घालीत वर चढतात, आणि पुरेशी उंची गांठली म्हणजे एकामागून एक घसरत पुढच्या स्तंभाकडे जातात. उकळत्या पाण्याप्रमाणें घुसळणाऱ्या अशा थव्यास तेथील निरीक्षक 'किटली' म्हणतात. हे पक्षी मेक्सिको व मध्य अमेरिका ओलांडून दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात. सप्टेंबरचा मध्य हा त्यांचा हंगाम होय. १९७८ च्या १४ सप्टेंबर रोजीं एकाच दिवसांत या डोंगरावरून एकवीस हजारांहून अधिक ब्रॉड-विंग्ड हॉक गेल्याची नोंद आहे. ऑक्टोबरांत लहान चणीचे, आपल्याकडील शिक्र्याच्या गणगोतांतले पक्षी येतात. ऑक्टोबर सरतां सरतां व नोव्हेंबरांत, माथ्यावर हातपाय गारठूं लागले असतां, सोनेरी गरुड दिसूं लागतो.

जी रचना पक्ष्यांस सोयीची, तीच बंदूकवाल्यांसही सोयीची ठरली. एरवीं आकाशांत उंच फिरणारा पक्षी येथें माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, संथपणें, ठरलेल्या वाटेनें येतो. नेम धरण्यास यापेक्षां सोपें काय असणार? डोंगराच्या उत्तरेस दगडी कोळशाच्या खाणींचा मुलूख आहे. आठवडाभर राबलेले लोक रविवारीं बंदुका घेऊन वर येत. त्यांत धंदेवाईक कोणी नव्हता. मारलेला पक्षी कोणी खात नसे, विकत नसे, उचलूनही नेत नसे. तो दरींतल्या झाडींत पडे. कांहीं तत्काळ मरत, कांहीं पंख मोडून दिवसेंदिवस तेथेंच तडफडत राहत. शिकारी पक्षी मारणें म्हणजे समाजाची सेवा करणें होय, अशीच तेव्हांची सर्वसामान्य समजूत होती.

त्या समजुतीस सरकारचा आधार होता. ससाणा कोंबड्या नेतो, रानकोंबडे व ससे मारतो, म्हणून तो शेतकऱ्याचा व शिकाऱ्याचा वैरी, असें हें साधें त्रैराशिक होतें. १८८५ सालीं पेनसिल्व्हेनियानें शिकारी पक्षी, घुबडें व कांहीं लहान जनावरें मारणाऱ्यास बक्षीस देण्याचा कायदा केला. दीड वर्षांत सुमारें ९०,००० डॉलर या बक्षिसांत गेले. त्या वेळचे प्राणिशास्त्रज्ञ क्लिंटन हार्ट मेरियम यांनीं हिशेब करून दाखविलें, कीं एवढ्या खर्चानें वांचलेल्या कोंबड्यांची किंमत दोन हजार डॉलरही भरत नाहीं. उलट शेतांत उंदरांचा जो सुळसुळाट होईल, त्याचें नुकसान कितीतरी पटींनीं मोठें आहे. १८९३ सालीं अल्बर्ट फिशर यांनीं सरकारच्या शेतकी खात्यातर्फे सुमारें सत्तावीसशें शिकारी पक्ष्यांचे व घुबडांचे कोठे तपासून त्यावर ग्रंथ लिहिला. बहुतेकांच्या पोटांत उंदीर, घुशी व किडे निघाले, कोंबड्या फारच थोड्यांच्या पोटांत होत्या. हें सर्व छापलें गेलें, आणि कपाटांत राहिलें. १९२९ सालीं पेनसिल्व्हेनियानें गॉसहॉक या पक्ष्याच्या शिरावर पुनः पांच डॉलरचें बक्षीस लावलें. मंदीच्या दिवसांत पांच डॉलर ही कांहीं लहान रक्कम नव्हती. शिवाय आकाशांतील पक्षी गॉसहॉक आहे कीं दुसरा कोणी, हें पाहण्यास बंदूकवाल्यास सवड कोठून असणार? जो येईल तो मारावयाचा, आणि खालीं पडल्यावर ओळखावयाचा, असा तो प्रकार होता.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. पक्ष्यास मारून मग ओळखणें ही केवळ अडाण्यांची रीत नव्हती. एकोणिसाव्या शतकांतील पक्षिशास्त्रज्ञाचें पहिलें साधन बंदूकच होतें. हातांत घेऊन पीस न् पीस तपासल्याखेरीज पक्ष्याची जात सांगूं नये, असा त्या शास्त्राचा दंडकच होता. तो हळूहळू मोडत गेला. नाताळच्या दिवशीं दोन पक्ष पाडून दिसेल तो प्राणी मारावा, आणि ज्याचा ढीग मोठा तो पक्ष विजयी, असा खेळ अमेरिकेंत चाले. १९०० सालच्या नाताळांत फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें त्याऐवजीं पक्षी मारूं नका, मोजा, अशी सूचना केली. पहिल्या वर्षीं पंचवीस ठिकाणीं मिळून सत्तावीस माणसांनीं ती मानली. नंतर दुर्बिणी सुधारल्या. १९३४ सालीं रॉजर टोरी पीटरसन यांचें पक्षी ओळखण्याचें पुस्तक निघालें. पंखांचा आकार, शेपटीची लांबी, एखादा ठळक पट्टा, एवढ्यावरून दुरूनही जात कशी ओळखावी, हें त्यांत चित्रांनिशीं दाखविलें होतें. बंदुकीचें काम दुर्बिणीनें होऊं शकतें, हें सामान्य माणसासही पटूं लागलें. याच १९३४ सालीं हॉक माउंटनचें भाग्य पालटलें, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

हा पालट घडविण्यास तिघां-चौघांचे हात लागले. पहिला हात रिचर्ड पो या तरुणाचा. फिलाडेल्फियांत राहणारा हा पक्षिप्रेमी १९३२ च्या शरदांत डोंगरावर गेला. तेथें त्यानें जें पाहिलें, त्यावर त्यानें भाषण केलें नाहीं, कीं कविता लिहिली नाहीं. झाडींत पडलेले मृत पक्षी त्यानें गोळा केले, रानांतल्या जमिनीवर ओळीनें मांडले, आणि त्यांचें छायाचित्र घेतलें. तें छायाचित्र पुढें न्यूयॉर्कमधील पक्षिमित्रांपुढें आलें. सभासदांनीं हळहळ व्यक्त केली. कांहीं तरी केलें पाहिजे, असें सर्वांचें मत पडलें. अशा मतांचें पुढें काय होतें, हें सभांचा अनुभव असणाऱ्या कोणासही सांगावयास नको.

परंतु ऐकणाऱ्यांत रोझली एज नांवाच्या एक बाई होत्या. त्यांचा जन्म १८७७ सालीं न्यूयॉर्कच्या सुखवस्तु घराण्यांत झालेला. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळींत त्यांनीं उमेदीचीं वर्षें घातलीं होतीं. पत्रकें काढणें, पैसा जमविणें, विरोधकांच्या सभेंत उभें राहून प्रश्न विचारणें, हें सारें त्या तेथें शिकल्या. उतारवयांत न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती उद्यानांत हिंडतां हिंडतां त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. १९२९ सालीं पक्षिरक्षणाच्या नांवावर चालणाऱ्या संस्था निजलेल्या आहेत, असें सांगणारें एक पत्रक त्यांच्या हातीं पडलें. त्याच वर्षीं त्यांनीं आपली स्वतःची छोटी समिति स्थापन केली. समितीचें कार्यालय, चिटणीस व लढाऊ पथक, असें सर्व कांहीं बहुतांशीं त्या एकट्याच होत्या. देशांतल्या सर्वांत मोठ्या पक्षिरक्षक संस्थेशींही त्या न्यायालयांत झगडल्या, आणि सभासदांची यादी त्यांनीं निकालानें मिळविली. मित्रांनाही त्यांचा स्वभाव जड जात असे. पण मित्रांना जड जाणारीं माणसेंच पुष्कळदां शत्रूलाही जड जातात.

हॉक माउंटनविषयीं कोणी कांहीं केलें नाहीं, हें कळतांच १९३४ च्या उन्हाळ्यांत एजबाई स्वतः तेथें गेल्या. वय छप्पन्न वर्षांचें. कायद्यानें शिकारी पक्ष्यांस संरक्षण मिळण्याची आशा नव्हती. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा जो कायदा देशानें १९१८ सालीं केला होता, त्यांतून शिकारी पक्षी वगळलेले होते. तेव्हां बाईंनीं वेगळाच विचार केला. पक्षी मारणें गुन्हा नसेल, पण दुसऱ्याच्या जमिनींत परवानगीवांचून शिरणें तर गुन्हा आहे! पांचशें डॉलर उभे करून त्यांनीं डोंगरावरील सुमारें चौदाशें एकर जमीन भाडेपट्ट्यानें घेतली, आणि पुढें ती विकत घेण्याचा हक्कही लिहून घेतला. पक्ष्यांसाठीं कायदा बदलेपर्यंत थांबण्याऐवजीं मालमत्तेचा जुनाच कायदा त्यांनीं पक्ष्यांच्या कामीं लावला. १९३८ सालीं ती जमीन खरेदी होऊन हॉक माउंटन अभयारण्याच्या संस्थेस कायमची मिळाली. केवळ शिकारी पक्ष्यांसाठीं राखलेलें जगांतील पहिलें अभयारण्य म्हणून त्याचा उल्लेख होतो.

कागदावर जमीन ताब्यांत आली, तरी सप्टेंबरांत वारा फिरला, कीं बंदूकवाले येणारच होते. त्यांना अडवावयास कोणी माणूस हवा होता. तो मॉरिस ब्राउन या अठ्ठावीस वर्षांच्या पक्षिशास्त्रज्ञाच्या रूपानें मिळाला. त्याच्याबरोबर त्याची तरुण पत्नी अर्मा हीही आली. पगार नाहीं, फक्त खर्च मिळेल, अशी बोली होती. दोघांनीं रस्त्याच्या कडेनें झाडांवर मनाईच्या पाट्या ठोकल्या, आणि पहारा धरला. येणारे लोक वर्षानुवर्षें तेथें येत आलेले. डोंगर आपलाच आहे, असें त्यांना मनापासून वाटे. परक्या गांवाहून आलेलें हें जोडपें आपणांस अडवितें, याचा त्यांना संताप येई. शिव्या झाल्या, धमक्या झाल्या. ब्राउन शांतपणें पाटीकडे बोट दाखवी, आणि ज्याला ऐकावयाचें असेल त्याला पक्ष्यांची माहिती सांगे. पुढें तो माथ्यावर जाऊं लागला, तेव्हां रस्त्यावरचें नाकें अर्मा एकटी संभाळीत असे. हातांत शस्त्र नाहीं, पाठीशीं शिपाई नाहीं, अशा स्थितींत तिनें बंदूकधाऱ्यांस परत लाविलें. तिला पुढें 'दाराची राखणदार' असेंच नांव पडलें. त्या वर्षींच्या शरदांत डोंगरावरील कत्तल थांबली.

आसपासच्या लोकांची कड घेऊन एवढें म्हटलें पाहिजे, कीं ते कांहीं जात्या क्रूर नव्हते. बापानें जें केलें, गांवानें ज्याची वाहवा केली, सरकारनें ज्यास बक्षीस दिलें, तेंच ते करीत होते. पुढें त्यांच्यांतलेच कांहीं लोक मुलांबाळांस घेऊन पक्षी पाहण्यास डोंगरावर येऊं लागले. जुनी खोड उपदेशानें क्वचितच सुटते. तिच्या जागीं तितकाच रस असलेलें दुसरें कांहीं मिळालें, म्हणजे ती सुटते. उत्तरेकडे डोळे लावून वाट पाहण्याचा आनंद तोच राहिला. शेवटीं चाप ओढण्याऐवजीं नांव ओळखावयाचें, इतकाच बदल झाला.

रक्षणाबरोबर ब्राउननें दुसरेंही एक काम आरंभिलें. रोज माथ्यावर बसून जाणारे पक्षी तो जातवार मोजूं लागला. वाऱ्याची दिशा, ढग, थंडी हेंही तो टिपून ठेवी. काम दिसावयास सोपें, पण करावयास कठीण! आठ-आठ तास आकाशाकडे पाहून डोळे शिणतात. पांढऱ्या ढगावर ठिपका दिसतो, निळ्या आकाशांत तो हरवतो. ज्या दिवशीं एकही पक्षी आला नाहीं, त्या दिवशींचें शून्यही लिहावें लागतें, कारण तेंही खरेंच असतें. दुसऱ्या महायुद्धांत ब्राउन आरमारांत गेला, तेव्हांचीं तीन वर्षें सोडल्यास ही मोजणी १९३४ पासून प्रत्येक शरदांत होत आली आहे. आतां ती १५ ऑगस्टला सुरू होऊन १५ डिसेंबरला संपते. एका ठिकाणीं, एका पद्धतीनें, इतकीं वर्षें चाललेली शिकारी पक्ष्यांची दुसरी मोजणी नाहीं, असें मानतात.

ही मोजणी आरंभिली, तेव्हां तिचा पुढें काय उपयोग होईल, हें खुद्द ब्राउनलाही सांगतां आलें नसतें. तो उपयोग कळण्यास पाव शतक जावें लागलें. युद्धानंतर डी.डी.टी. नांवाचें कीटकनाशक शेतांवर, रानांवर व गांवांवर पाण्यासारखें फवारलें जाऊं लागलें. तें किड्यांतून माशांत व लहान पक्ष्यांत, आणि त्यांतून त्यांना खाणाऱ्या गरुडांत व ससाण्यांत सांठत गेलें. हें द्रव्य मोठ्या पक्ष्यास सहसा एकदम मारीत नाहीं. त्याच्या अंड्याचें कवच पातळ होतें, आणि उबवावयास बसलेल्या आईच्याच भारानें तें फुटतें. अशा संकटाचा आवाज होत नाहीं. आकाशांत मोठे पक्षी उडतांना दिसत राहतात, आणि सर्व ठीक आहे असें वाटतें. पण घरट्यांत पिल्लें नसतात.

रेचल कार्सन या शास्त्रज्ञ लेखिका १९४५ च्या शरदांत हॉक माउंटनवर येऊन गेल्या होत्या. शिळेवर बसून दुर्बिणींतून पाहत असलेलें त्यांचें छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. पुढें कीटकनाशकांवर पुस्तक लिहितांना त्यांना ब्राउनच्या वह्यांची आठवण झाली. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचें डोकें लहानपणीं पांढरें नसतें, म्हणून लहानमोठे पक्षी दुरूनही वेगळे ओळखतां येतात, आणि ब्राउननें ते वेगळे मोजले होते. १९३५ ते १९३९ या काळांत दिसलेल्या गरुडांत शेंकडा ४० त्या वर्षींचीं पिल्लें होतीं. १९५५ ते १९५९ या काळांत तें प्रमाण शेंकडा २० वर आलें. १९५७ सालीं तर बत्तीस मोठ्या गरुडांमागें एकच पिल्लूं दिसलें. हे आंकडे कार्सनबाईंच्या 'सायलेंट स्प्रिंग' या १९६२ सालच्या ग्रंथांत आले. रसायनांचे कारखानदार त्या ग्रंथावर तुटून पडले. पण डोंगरावर बसून मोजलेली संख्या वादानें बदलत नाहीं. ग्रंथ सप्टेंबरांत निघाला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रोझली एज निवर्तल्या.

दहा वर्षांनीं, १९७२ सालीं, अमेरिकेंत डी.डी.टी.च्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली. त्याच वर्षीं मेक्सिकोशीं असलेल्या करारांत सुधारणा होऊन शिकारी पक्ष्यांसही देशभर कायद्याचें संरक्षण मिळालें. डोंगरावरच्या वहींत त्याचाही जबाब हळूहळू उमटला. मासे मारणारा ऑस्प्रे वाढला. बहिरी ससाणा परतला, आणि १९९९ सालीं त्याचें नांव संकटग्रस्तांच्या यादींतून निघालें. पांढऱ्या डोक्याचा गरुड २००७ सालीं त्या यादींतून बाहेर आला. मात्र वही केवळ शुभवर्तमानच देते असें नाहीं. केस्ट्रेल नांवाचा एक लहानगा सुंदर ससाणा वर्षागणिक कमी होत चालला आहे, आणि त्याचें कारण शोधण्याचें काम चालू आहे. शिवाय एखादा पक्षी डोंगरावरून कमी गेला, म्हणजे तो जगांतून कमी झाला, असेंही नेहमीं नसतें. हिंवाळे सौम्य होत चालल्यानें कांहीं पक्षी आतां उत्तरेकडेच मुक्काम करतात व खालीं येतच नाहींत. आंकडा प्रश्न उभा करतो. उत्तर शोधावें लागतें.

ही कथा दूरदेशची आहे खरी, पण तिचें मर्म भारतास परकें नाहीं. राजस्थानांत भरतपूर येथें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनीं १९८० नंतरच्या दशकांत गिधाडें मोजलीं होतीं. तेव्हां गिधाड हा इतका सामान्य पक्षी होता, कीं तो मोजण्यांत काय हंशील, असें कोणीही विचारलें असतें. दहा-बारा वर्षांनीं त्यांनीं तेथेंच पुनः मोजणी केली, तेव्हां शंभरांतलीं पंचाण्णवांहून अधिक गिधाडें नाहींशीं झालीं होतीं. १९९९ सालीं त्या सोसायटीच्या नियतकालिकांत ही वार्ता प्रसिद्ध झाली. गुरांस दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध त्याच्या मुळाशीं असल्याचें २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्यावर बंदी आली. पहिली मोजणी झालीच नसती, तर गांवाबाहेरचें आकाश रिकामें कधीं झालें, हेंही कोणास सांगतां आलें नसतें.

हॉक माउंटनवर दुपार कलूं लागली, म्हणजे तापलेली हवा निवते, आणि पक्ष्यांचा ओघ मंदावतो. दिवसभर तरंगत आलेले पक्षी रात्रीच्या विसाव्यासाठीं खालच्या रानांत उतरतात. जेथें पूर्वीं पंख मोडलेले पक्षी तडफडत पडत, तेथेंच आतां थकलेले पक्षी निर्धास्त झोंपतात. शिळांवरचीं माणसें उठतात, रिकामे डबे पिशवींत घालतात, आणि पायवाटेनें खालीं उतरूं लागतात. निरीक्षक शेवटचा तास संपेपर्यंत थांबतो, दिवसाची बेरीज करतो, खालीं तारीख घालतो, व वही मिटतो. उद्यां वारा पडला आणि कांहींच आलें नाहीं, तरी त्याला सकाळीं पुनः वर यावयाचें असतें.